अक्का, यंदा तुझ्या बाजूचे दोर रिकामे होते

प्रिय अक्का,

'प्रिय' हे रीत म्हणून लिहिलंय, लगेच फुगू नकोस. पत्राला सुरुवात अशी करायची, एवढं शाळेत शिकवलं होतं. पुढचं शिकायच्या आत माझं लगीन लावलं आणि तुझ्या हाताखाली आणून टाकलं.

आणखी एक आधीच सांगून टाकते. तू जिवंत होतीस तोवर थोरली जाऊ म्हणून मी तुला 'तुम्ही' म्हटलं. अक्का तुम्ही बसा, अक्का तुम्ही जेवा, अक्का तुमचंच खरं. आता 'तू' म्हणणार. काय करशील? उठून येशील?

लिहायचं कारण म्हणजे मला लई आनंद झालाय. काल गणपती पोचवला. आज मी अंगणात नुसती हिंडतेय. गुडघे दुखतात तरी हिंडतेय. नातवंडं म्हणतात, आज्जी एकटीच हसतेय, हिला काय झालंय? आनंद सुनेला सांगितला, शेजारणींना सांगितला, म्हशीला आंबोण घालताना तिलाबी सांगितला. तरी पोट भरेना. मग उमगलं. ज्याला ऐकून झोंबेल त्यालाच सांगितलं पाहिजे, आणि ते माणूस तर गेलेलं! असली कसली गं तू? आयुष्यभर नको तिथं हजर, आणि हवी तेव्हा नाही.

तर ऐक. माटोळीचं सांगायचंय.

आठवतं का, माझी या गुंद गावातली पहिली चवथ? माझं माहेर खानापूरकडच्या माळावरचं. तिथं गणपतीला रंगीत कागदाच्या माळा. इथं येऊन बघते तर गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट, ही माटोळी, टांगलेली, आणि तिला माणसं रानातली फळं, फुलं, शेंगा, वेल बांधतायत. कांगणीच्या वेलाचे पिवळे घोस, तांबडी कवंडळं, कुड्याच्या जोडशेंगा, वाघनखीची फुलं, अंबाडे, लिंबासारखं पण मोठं तोरिंजन. मला काय ठाऊक? मी म्हटलं, "अगंबाई, देवाच्या डोक्यावर बाजार मांडलाय!"

तू सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "खानापूरवालीला देव आणि बाजार एकच दिसतो."

केवढ्या हसल्या सगळ्या! त्या दिवसापासून मी तुझी खानापूरवाली. नाव म्हणून कधी घेतलं नाहीस माझं.

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बसवलं आणि केवणीच्या झुडपाची साल सोलून दोर कसे काढायचे ते दाखवलं. म्हणाल्या, "आधी सगळे दोर बांधायचे. हा कांगणीचा, हा कवंडळाचा, हा कुड्याचा. मग वस्तू टांगायची. एखादी रानात गावली न्हाई, तर तिचा दोर सोडायचा न्हाई. तसाच लोंबू द्यायचा." मी विचारलं, का? म्हणाल्या, "मिळालं ते देवाला दाखवतो, तसं न्हाई मिळालं तेबी दाखवायचं. त्याच्यापासून काय लपवायचं?"

तू तिथंच होतीस. पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होतीस. ऐकलं नाहीस असं म्हणू नकोस. दुसऱ्याच्या चुलीवरचं दूध उतू गेलेलंबी तुला ऐकू यायचं.

पुढं भाऊ वेगळे झाले. चुली दोन झाल्या, गोठे दोन झाले, पण देव एकच राहिला, मूळ घरात, तुझ्या घरात. माटोळीची चौकटबी एकच. मग मधल्या आडव्या पट्टीवरून वाटणी झाली. उगवतीची बाजू तुझी, मावळतीची माझी. वाटणी कुणी केली? तूच. कारण उगवतीकडून दारातला उजेड पडतो आणि आल्या माणसाची नजर आधी तिकडं जाते.

तुझी बाजू कशी असायची! भरगच्च. पलीकडचा वासा दिसायचा नाही. आणि माझ्या बाजूला चार वस्तू आणि मधे मधे लोंबणारे मोकळे दोर. आधी एखाद-दुसरा असायचा. मग वाढत गेले. माझे पाय कमी चालायला लागले म्हणून नव्हे. त्या वेळी मी शेळीसारखी डोंगर चढायची. व्हाळाचं पाणी ओलांडून वरची उतरण पालथी घालायची. पण वस्तू दिसेनात. सुपारीच्या बागांना पाला पाहिजे म्हणून सगळं गाव त्या उतरणीवर कोयता चालवत होतं. झाडाच्या फांद्या गेल्या की वेल कशावर चढणार? कांगणी कशावर लोंबणार?

तू हातात पानाचं तबक घेऊन यायचीस आणि माझ्या बाजूकडं बघून म्हणायचीस, "धाकटीच्या माटोळीला टक्कल पडलंय."

टक्कल! माझ्या सुनेसमोर. माझ्या विहिणीसमोरबी एकदा म्हणालीस. तिनं माहेरी जाऊन सांगितलं असणार.

पण मला ठाऊक होतं तुझं कुठून येतं ते. चवथीच्या आदल्या दिवशी तुझा भाऊ बुधाजी तुझ्या माहेराहून, दिग्गीहून यायचा. पाठीवर पोतं. पुढच्या दारानं कधी आला नाही बिचारा. गोठ्याच्या बाजूनं यायचा आणि तू पदर डोक्यावर घेऊन, जसं काय कुणी बघत नाही, पोतं आत ओढायचीस. त्या पोत्यात कांगणी, कवंडळं, सगळं. दिग्गीच्या रानातलं. आणि ते तू केवणीच्या दोरानं असं टांगायचीस, जसं काय आत्ताच आपल्या व्हाळावरून तोडून आणलंय.

मी गप्प बसले नाही, हे तुलाबी ठाऊक आहे. विहिरीवर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "अक्का, तुमच्या बाजूला दिग्गी टांगलीय. गुंद कुठं हाय त्यात?"

तू घागर खांद्यावर घेत काय म्हणालीस? "देवाला सासर-माहेर नसतंय. जळतंय त्याला जळू दे."

बायका हसल्या. मी जळकी ठरले. वा! एक वाक्य टाकायचं आणि चालू पडायचं, ही तुझी विद्या होती. तुझ्यानंतर गावात कुणाला ती जमत नाही, हे आपलं जाता जाता सांगते.

आता त्या सभेचं. तुला ती नक्की आठवत असेल, कारण तिथं तू जिंकलीस.

तालुक्याच्या गावाहून, जोयड्याहून रेखाताई यायला लागल्या होत्या, पंचायतीच्या त्या समितीच्या. रानात काय काय आहे, ते वाढतंय का आटतंय, याची नोंद ठेवायची म्हणून. बाई चांगली. जमिनीवर बसते, आपल्या हातचं खाते. आधी त्यांनी देवळाजवळ एक फलक लावला होता. त्यावर गोल चित्र, भाकरीचे तुकडे केल्यासारखं, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग, खाली सरकारी कानडी अक्षरं. गावात कुणी वाचला नाही. माझ्या शेळीनं मात्र त्याला पाठ घासून घासून हिरवा तुकडा पार पुसला. रेखाताईंनी बघितलं आणि स्वतःच हसत सुटल्या. म्हणाल्या, "शेळीनं बरोबर सांगितलं. हे काही उपयोगाचं नाही. मला असं काहीतरी पाहिजे की जे बघितल्याबरोबर लहान पोराला कळेल, म्हाताऱ्या माणसाला कळेल, आणि तालुक्याच्या सायबालाबी कळेल, की रान बरं आहे का आजारी आहे. तुम्हीच सांगा, काय बघायचं?"

देवळाच्या मंडपात मग काय, जत्रा! कुणी म्हणालं व्हाळातले खेकडे बघा. कुणी म्हणालं मध. कुणी म्हणालं पावसाळ्यातले बेडूक, पूर्वी रात्रभर झोपू द्यायचे नाहीत. रेखाताई प्रत्येकाला विचारायच्या, हे वर्षाच्या वर्षाला सगळ्या घरांतून दिसेल का? ते काही जमेना.

आणि तू उठलीस. पदर सावरलास. म्हणालीस, "माटोळी बघा की. रानात जे हाय ते चवथीला घरात येतंय. प्रत्येक घरात येतंय. मान वर केली की दिसतंय."

अक्का, खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. इतकं नेमकं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाबी नाही. रेखाताई तर उभ्याच राहिल्या. त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला आणि त्याचाच मला आजवर राग आहे. कारण पुढं तू काय केलंस?

त्या चवथीला रेखाताई घरोघर फिरल्या. आपल्या मूळ घरात आल्या, दारातून उजेडाच्या बाजूला बघितलं, आणि तुझी बाजू भरगच्च! बाकीच्या घरांनीबी तुझं बघून कुठून कुठून आणून भरलं होतं. कुणाच्या सोयऱ्यांकडून, कुणाचं दुसऱ्या गावाहून. गुंदातली प्रत्येक माटोळी भरलेली. मोकळे दोर फक्त माझ्या बाजूला.

मग सभेत प्रश्न आला. व्हाळाच्या वरची ती उतरण सगळ्या गावाची. तिथं काही वर्षं कोयता बंद ठेवायचा का? मी म्हटलं, ठेवा. वेल मेलेत. तुझा पोरगा महादेव उभा राहिला, सुपारीवाला. म्हणाला, "काकी, सगळ्या माटोळ्या भरल्यात. रानाला काय धाड भरलीय?"

मी म्हटलं, "माझ्या बाजूला बघ."

तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "तिच्या बाजूला आळसाचं रान हाय."

झालं! सगळे हसले, हात वर गेले, कोयता चालू राहिला. अगं, रानाचा आरसा म्हणून जी वस्तू तूच गावाला दिलीस, तिच्यावर तूच रंग फासलास! ताप मोजायची काचेची नळी आणून द्यायची आणि ती गार पाण्यात बुडवून म्हणायचं, बघा, ताप नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर अडाणी म्हणून सोडलं असतं. तुला कसं सोडू? तुला कळत होतं.

त्याच हिवाळ्यात तू गेलीस. मी मोठमोठ्यानं रडले. लोकांना वाटलं, बघा, केवढी माया! माया कसली. माझं भांडण अर्धं टाकून निघालीस म्हणून रडले.

तुझ्यामागच्या पहिल्या चवथीला काय झालं ते तुला कळायला हवं. तू नाहीस, बुधाजीला बरं नव्हतं, पोतं आलं नाही. महादेवला आईची बाजू मोकळी बघवेना. मग त्यानं जीप काढली, रामनगरच्या बाजारात गेला, आणि काय आणलं सांगू? सफरचंदं! संत्री! आणि प्लास्टिकची द्राक्षं, जांभळी, चकाकणारी. सगळं तुझ्या बाजूला टांगलं. तुझी बाजू इतकी भरलेली तुझ्या हयातीतबी नव्हती. मी पदरात तोंड घालून हसले. देवासमोर हसू नये, पण देवालाबी आलंच असणार.

रेखाताई आल्या. मान वर केली. मग महादेवला विचारलं, "हे सफरचंद आपल्या कुठल्या उतरणीवर लागतं?"

महादेव म्हणाला, "हिमाचलच्या."

सगळे हसले, पण रेखाताईंचं तोंड उतरलं. तिथंच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं. मी मान वर करून 'किती आहे' तेवढं बघितलं. 'कुठून आलं' हे विचारलंच नाही." साधा प्रश्न. एवढ्या वर्षांत तुला मी तोच विचारत होते, पण माझ्या तोंडून तो भांडण वाटायचा आणि त्यांच्या तोंडून शहाणपण वाटला. असू दे. त्यांनी विचारला हे बरं केलं.

मग मी त्यांना सासूबाईंचे मोकळे दोर सांगितले. आणि कुठून आलं ते कसं दाखवायचं, हे त्यांनी जोडलं. यंदा पावसाच्या आधी मंडपात ठरलं. आपल्या रानातली वस्तू केवणीच्या दोरानं बांधायची. बाहेरून आणलेली पांढऱ्या सुतानं. आणि जी मिळाली नाही तिचा दोर तसाच मोकळा. लाज नाही, दंड नाही. बघणाऱ्यानं मान वर करायची, बस्स. किती तपकिरी, किती पांढरं, किती मोकळं. याला कानडी यावं लागत नाही, मराठी यावं लागत नाही, माझ्याइतकी शाळाबी लागत नाही!

आणि चवथीनंतर त्याच्यावरून ठरवायचं, उतरणीवर कोयता चालू का बंद.

आता महादेवची पंचाईत झाली. दोर मोकळे दिसले तर कोयता बंद, आणि कोयता बंद तर बागेला पाला कुठला? पोरगा तुझाच. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी बघते तर जीप धूत होता. सुगंधा, तुझी सून, केवणीचे दोर काढत ओट्यावर बसलेली. बिचारीनं सगळे दोर नीट काढले होते, माझ्याकडून विचारून विचारून. (पातोळ्यांत गूळ कमी घालते, पण हात चांगला आहे तिचा. तू तिला कधी चांगलं म्हटलं नाहीस.)

मी म्हटलं, "कुठं निघालास?"

"दिग्गीला. मामाकडं."

"पोतं आणायला?"

"काकी, गप सुम्म बसा. आई आणत होती, मी आणतो."

"आणि कुठल्या दोरानं बांधणार?"

त्यानं सुगंधाच्या मांडीवरच्या केवणीकडं बघितलं फक्त. मला कळलं, दिग्गीचं केवणीनं बांधणार. तुझंच पाणी! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, जा, बांध, देवाच्या डोक्यावर खोटं टांग, तुझ्या आईनं टांगलं तसं. सुगंधा म्हणाली, "काकी, सासूबाईंचं नाव कशाला मधे?" मी म्हटलं, नाव कशाला, तिला अख्खीच मधे आणीन!

असं आमचं जुंपलेलं, आणि व्हाळाच्या वाटेनं काठी टेकत कोण आलं? बुधाजी. बसमधून उतरून पायी चढून आलेला. आणि अक्का, पहिल्यांदाच पुढच्या दारानं आला. पाठीवर पोतं नव्हतं.

महादेव म्हणाला, "मामा, मीच येत हुतो की. कशाला तरास घेतला?"

बुधाजी ओट्यावर टेकला. पाणी प्याला. म्हणाला, "तू येशील म्हणूनच आलो. येऊ नको सांगायला. तिकडं आता काय न्हाई. कांगणी तर दोन पावसाळे दिसली न्हाई."

"असं कसं? आई असताना तर पोतं भरून—"

"भरून आणत हुतो ना. आमच्या घराचीबी माटोळी, तुमच्या घराचीबी. खालच्या वेलाचे घोस संपले, मग वरचे मिळंनात, मग वेलच ओढून खाली घ्यायला लागलो. एक रान दोन गावांच्या माटोळ्यांना किती दिवस पुरणार, पोरा? मी ताईला म्हटलं हुतं. अक्कल शिकवू नको म्हणाली."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. जरा हसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताई म्हणायची, माझी बाजू मोकळी दिसली तर धाकटीपुढं माझं नाक ऱ्हात न्हाई."

म्हणजे? म्हणजे माझ्यामुळं? वा गं वा! दिग्गीचं रान तू ओरबाडलंस, गुंदच्या डोळ्यांत धूळ तू फेकलीस, आणि मेल्यावर ढकलतेस कुणावर, तर माझ्यावर! मी कुठं म्हटलं होतं तुला, भर म्हणून? मी तर उलटं म्हणत होते. तुझ्या डोक्यात मी एवढी बसले होते, हे मला का नाही कळू दिलंस? मला वाटायचं, मी तुझ्या खिजगणतीतबी नाही. खानापूरवाली, टक्कलवाली. आणि इकडं तू दरवर्षी माझ्या चार मोकळ्या दोरांना भिऊन पोतं ओढत होतीस!

हे ऐकून मला आनंद झाला का राग आला, मला सांगता येत नाही. दोन्ही झालं. तुझं कुठलंच सरळ नसतं.

महादेव जीपपासून दूर झाला. मग किल्ली खुंटीला अडकवली. आत गेला. सुगंधा आधीच चौकटीखाली उभी राहून तुझ्या बाजूला दोर बांधत होती. त्यानं तिच्या हातातून कांगणीचा दोर घेतला आणि स्वतः बांधला. मोकळा. उगवतीच्या टोकाला, बरोबर उजेडात, जिथं तू सगळ्यात मोठा घोस टांगायचीस.

म्हणाला, "आईच्या बाजूला असं कधी बघितलं न्हाई."

मी काही बोलले नाही. बघ, मीबी कधी कधी गप्प बसते.

चवथीला गाव घरोघर फिरलं, नेहमीसारखं. प्रत्येक घरात मान वर केली की तेच. अंबाडे केवणीनं, तोरिंजन केवणीनं, कुड्याच्या शेंगा कुठं केवणीनं कुठं पांढऱ्या सुतानं, कवंडळं जवळजवळ सगळी पांढऱ्या सुतानं. आणि कांगणीचा दोर सगळ्या घरांत मोकळा. एका घरात मोकळा असता तर कुणी म्हटलं असतं, आळस. सगळ्या घरांत लोंबतोय म्हटल्यावर काय म्हणणार? आरतीच्या वेळी वाऱ्यानं ते दोर हलत होते. नातवंडं विचारत होती, आज्जी, इथं काय असतंय? ज्यांनी कांगणी कधी बघितलीच नाही ती पोरं, अक्का. त्यांना मला हातानं दाखवावं लागलं. पिवळी असते, फुटली की आत तांबडा दाणा.

तू म्हणायचीस माटोळी गावाची अब्रू. यंदा खरी दिसली.

काल गणपती पोचवल्यावर सभा झाली. रेखाताईंना काही बोलावंच लागलं नाही. महादेव उठला. मला वाटलं, आता फाटे फोडणार. म्हणाला, "पाल्याचं मी बघतो. केळीचं, गवताचं घालीन बागेला. कांगणीचा दोर भरंस्तोवर उतरणीला कोयता बंद. आणि भरायचा तो आपल्याच रानातनं."

मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "हिमाचलचं चालत न्हाई व्हय?"

केवढं हसं! महादेवबी हसला. हात वर गेले. माझा सगळ्यात आधी. दोन्ही हात वर केले, कुणी म्हणालं, काकी, एकच चालतो. म्हटलं, दुसरा अक्काचा. ती आज असती तर वर केलाच नसता, म्हणून मीच केला.

तर हा माझा आनंद. जिंकले मी! ऐकू येतंय का तुला? खानापूरवाली जिंकली. गाव आता मोकळ्या दोरांकडं बघतंय, आणि ते दोर माझ्या बाजूवरून शिकलंय. आणि माटोळी बघा हे तू म्हणाली होतीस, हे मी सभेत सगळ्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. पण एका पोरानं विचारलं, मुळात हे कुणाला सुचलं? आणि तोंडून निघून गेलं. आता तेवढ्यावरून वर बसून मिरवू नकोस.

एक मात्र सांग. एकदा, फक्त एकदा, तू तुझ्या बाजूला एक दोर मोकळा सोडला असतास तर काय झालं असतं? मी हसले असते, हे कबूल. दोन दिवस हसले असते. आणि तिसऱ्या दिवशी दोघी मिळून उतरणीवर गेलो असतो की, बघायला, वेल कुठं गेला. तुझे डोळे चांगले होते, माझे पाय चांगले होते. उभ्या आयुष्यात एकदा तरी गेलो असतो ना गं?

आता माझे पायबी गेले.

पण आज सकाळी महादेवच्या हाताला धरून व्हाळापर्यंत गेले. उतरणीच्या तोंडाला, जुन्या किंदळाच्या बुडख्याला नवे फुटवे आलेत, आणि त्यावर एक बारीक वेल चढतोय. कांगणी आहे का दुसरं काही, मला ओळखता आलं नाही. तुला आलं असतं.

तर आता माझं वचन ऐक. मी असेन तोवर तुझ्या बाजूचा कांगणीचा दोर दर चवथीला मीच बांधीन, मोकळा, उजेडात. खोटं भरू देणार नाही, महादेवला नाही, कुणाला नाही. आणि ज्या वर्षी त्या उतरणीवर पहिला घोस लागेल, तो मी माझ्या बाजूला टांगणार नाही. तुझ्या बाजूला टांगीन. केवणीनं, घट्ट गाठ मारून. आयुष्यभर तू माझ्या हातचं काही घेतलं नाहीस. हे तुला घ्यावंच लागेल.

नाव घेऊन सही करते, तुला ते कधी घेता आलं नाही म्हणून,

सुभद्रा
(तुझी खानापूरवाली)